मेलेल्या बाईचं नाचाचं गाणं

राजापेठ, अमरावती
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

तीन वर्षं झाले तू मले आईच्या पित्तराले बोलावत नाही. वहिनीच्या माहेरचे जेवून जाते, साडू जेवून जाते, तुह्या नितेशचे दोस्त जेवून जाते, आन आईच्या पोटची मी, मले मागच्या साली वडे चांगले झाले होते हे दुसऱ्याच्या तोंडून समजते. फोन लावला तं तुह्या फोनात माहा नंबर बंद. नितेशच्या लग्नात मी चार शब्द जास्त बोलली असन. त्यापायी सख्ख्या बहिणीले असं तोडते काय कोणी? चौथी शिकलेली बाई हाओ, भाऊ. फोन चालू असता तं कागदाच्या मागं लागली नसती. अक्षर लागलं नाही तं वहिनीकडून वाचून घेजो. नाही तं नकोच घेऊ, एकटाच वाच.

सोमवारी नवमी हाय. यंदा आईच्या नावाचं ताट वाढू नको. कावळ्याले हाका मारू नको.

काहून ते सांगते. माह्या वरच्या खोलीत कहकशाँ नावाची पोट्टी भाड्यानं राहते. तुह्याच अकोल्याची, बैदपुऱ्याची. मुसलमानाची पोट्टी ठेवली म्हणून गल्ली बोलली. मी म्हटलं पोळ्या मी लाटते, तुमाले कायले घाम सुटते. ते फ्रान्सची भाषा शिकून राहिली. त्या लोकाइच्या फोनवर उत्तरं देण्याची नोकरी राहते म्हणे. मास्तरीणनं सांगितलं गाणे ऐक, कान तयार होते. आता ते गाणेच ऐकते. काल निघालेले नवे ऐकते, आन असे जुने धुंडून काढते की तिथल्याही लोकाइले आठवत नाही. भंगारवाला उकिरड्यातून तांब्याची तार काढते ना, तसं. मंग मोबाईलवर साऱ्या दुनियेले सांगते, पहा मले काय सापडलं.

मी मेसची कणीक भिजवते तवा ते ओट्यावर मोबाईल ठेवते. पहिले पहिले मले वाटे ह्या बायाइच्या घशात मासोळीचा काटा अडकला. मंग आवडू लागलं. एक बाई हाय, साठ वर्षांपूर्वीची, अशी गाते जशी कानापाशी तोंड आणून शेजारणीची चुगली करून राहिली. मी म्हटलं हिचे अजून लाव. कहकशाँ म्हणे अजून नाहीत, चार गाणे म्हटले, लग्न झालं, दुकानावर बसली, कोणी इचारलं नाही. मी म्हटलं घ्या, तिकडंही तेच.

पोळा झाला आन एक नवं गाणं निघालं. कहकशाँ जिन्यावरून पळत आली. "मावशी, ये सुनो. गाना उधर का हाय, बाई अपने इधर की हाय." ढोलक्याचं मशीन वाजून राहिलं, तिकडची पोट्टी तिच्या भाषेत काहीबाही म्हणून राहिली, आन मधातच एक बाई, आपल्या बोलीत, तालावर: मेलेली हाओ बाप्पा, मेलेली हाओ. परत परत तेच. मेसमधले पोट्टे ताटं सोडून नाचाले लागले. मीही हसली. खोटं कायले सांगू, लाटणं हातात घेऊन मीही दोन पाय नाचली.

कहकशाँ थांबणारी नाही. हा आवाज उचलला कुठून म्हणून तिनं खोदलं. आठ दिवसांनी सापडलं. सत्त्याऐंशी सालची तबकडी हाय, ओडील नावाची बाई आन संग दोन माणसं. कोणी घेतली नाही, विसरून गेले. त्या जुन्या गाण्यात आपल्या बाईचं गाणं पहिल्यापासून हाय. भुलाबाईचं. ते मी ऐकलं आन तव्यावरच्या पोळीचा धूर झाला.

किशोर गेला हाटाले, आणली शिंगाची फणी
बेबीचे केस विंचराले घरात नाई कोनी

भुलाबाईच्या गाण्यात हरेक घरची बाई आपले लेकरं बसवते. हे आपल्या घरचं हाय. फणी तूच वलगावच्या बाजारातून आणली होती, आठ दिवसांत दात पडले तिचे. दुसऱ्या कोण्या आईले हे गाणं म्हणता येत नाही.

गाणं संपते तवा कोणीतरी तिले नाव इचारते. बाया हसते. मंग ते म्हणते, "नाव कायले पायजे? मी तं मेलेली हाओ बाप्पा." हसूनच म्हणते. त्या फ्रान्सवाल्याइले काय समजते, त्याइले ठेका आवडला, त्याइनं तेवढंच कापून शंभरदा वाजवलं. तबकडीच्या कव्हरवर लिहिलं हाय म्हणे: बाईचं नाव माहीत नाही. अकोला, १९८६.

आता तू सांग. आई त्र्याऐंशीच्या पुरात गेली. वलगावले, पेढी नदीत. बाबानं साऱ्या गावाले तसंच सांगितलं. आपले बाबा, नत्थुजी, बोलले म्हणजे गावाले ब्रह्मवाक्य. मढं सापडलं नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याले आईचं हिरवं लुगडं नेसवलं, आन नदीवर नेऊन जाळलं. मी सहा वर्षांची होती. मले म्हणे पाया पड, हे तुही आई हाय. मी हात लावला तं आत पानं वाजली. मी म्हटलं आई एवढी हलकी काहून झाली? तू माह्या तोंडावर हात दाबला. मान तिकडं फिरवली. इतके वर्षं मले वाटे तू रडून राहिला.

गाण्यात अजून एक ओळ हाय, तिसऱ्या नावाची. ते मी लिहीत नाही. तू लिहून पाठव, म्हणजे मी समजीन तुले खरं बोलाचं हाय. कागद कहकशाँ उद्या घरी जाते तवा डाबकी रोडले तुह्या दारात देईन.

बेबी

राजापेठ
शुक्रवार, १९ सप्टेंबर

ताट वाढलंच तू. वहिनीनं मोबाईलच्या स्टेटसवर फोटो टाकला, खाली हात जोडलेले, आईंच्या पवित्र स्मृतीस. कढी, वडे, खीर, सारं. आईनं आयुष्यात पवित्र हा शब्द ऐकला नसन. तुह्या नंबरात मी बंद हाओ, वहिनीच्या नाही, हे तिच्या ध्यानात नाही राहिलं. आता राहीन.

तू ओळ लिहून पाठवली नाही. म्हणून मीच पुढचं सांगते. तुले माहीत हाय, पण मी लिहून ठेवते, नाही तं उद्या म्हणशीन बेबीले काय समजते.

कहकशाँचे नाना बद्रुद्दीन. ताजनापेठेत त्याइचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, लग्नाले, उरुसाले भोंगे देत. शहाऐंशीत एक लांब केसाचा गोरा माणूस आला, कापसाच्या जिनिंगमधल्या बायाइचे गाणे टेपवर भरून न्याले. त्याची बॅटरी उचलाले नाना संग होते. कहकशाँनं त्याइले गाणं ऐकवलं. म्हातारा म्हणे, "ये तो सुभद्राबाई. इसका नाम तो मालूम था सबको. वो खुद नहीं लेती थी."

त्याइले अजून याद हाय. खाकी चड्डीतला एक शाळकरी पोट्टा दुपारच्याले जिनिंगच्या फाटकाशी ये, तिच्या डब्यातलं जेवे आन जाय. आई त्याले किशोर म्हणे. तुले बाबानं अकोल्याले शिकाले ठेवलं होतं ना काकाच्या घरी. शिकला तू.

बाबा मारत, हे मले माहीत होतं. लहान होती, आंधळी नव्हती. आई पळून गेली तं बाबानं पुतळा जाळून तिले मारून टाकलं, म्हणजे वापस यायचं दार नाही. ज्याचं जिवंतपणी क्रियाकर्म झालं तो उंबऱ्यात आला तं घरात मरण येते, हे गावात लहान लेकरूही सांगते. ते आली नाही. आपल्या घरात मरण येऊ नये म्हणून आली नाही, भाऊ. जिनिंगच्या सरकीत बसून माह्या केसाचं गाणं म्हणत राहिली.

नाना सांगते, त्यानंतर तीन-चार सालांनी ते तापानं गेली. म्हणजे मी चौथी सोडून घरात धुणी धूत होती तवा मले आई होती. एष्टीनं अडीच तासावर. तू दिवाळीले घरी ये, माह्यासाठी रिबिनी आणे, आन तुह्या तोंडातून शब्द निघाला नाही. त्या रिबिनी कोणं घेऊन देल्ल्या होत्या हे मी आता इचारत नाही. मले ऐकवणार नाही.

आता तिसरी ओळ.

रागिणी निजली पायन्यात, पायना टांगला झाडाले
निंबाच्या सावलीत कोन इचारते घराले

नाना म्हणे जिनिंगच्या आवारात निंब होता, त्याले लुगड्याचा पाळणा. आई पळून गेली तवा पोरगी तिच्या पोटातच होती. बाबाचीच. आई मेली तवा तू आला आन पोरीचं बोट धरून घेऊन गेला. इथपर्यंत मी तुले बरं म्हणते. एका पोरानं तेवढं केलं.

पण मंग रागिणी तुह्या घरात कोण हाय? तू मले सांगितलं वहिनीच्या मामेबहिणीची पोरकी पोर. चाळीशी उलटली तिची, तुही भांडी घासून घासून. मी तुह्या घरी आली की तिच्या हातचा चहा पेली आन कप खाली ठेवून देल्ला. ते उचलून घेऊन गेली. माही सख्खी बहीण.

नितेशच्या लग्नात मीच तिले हाताले धरून पंगतीत बसवलं होतं, सकाळपासून पोळ्या करून राहिली म्हणून. तू आला, तिच्यासमोरचं पान उचललं आन म्हणाला, "हे बसली तं घरात कोणी तरी मरते." साऱ्या पंगतीसमोर. मी तुले तवा जे बोलली ते बोलली. मले वाटलं तू पैशावाला झाला म्हणून माजला. आता समजलं. मेलेल्या बाईची पोर म्हणून तू तिले इतके वर्षं सुतकात ठेवलं.

मागच्या शनिवारी दार रागिणीनंच उघडलं. कहकशाँ म्हणे बाई चांगली हाय, पाणी देल्लं, पण दारात उभं राहून, बाहेर पाय टाकला नाही. तिच्यामागं स्वयंपाकघराच्या दाराले कडी बाहेरून हाय. बाहेरून कडी कोणाच्या स्वयंपाकघराले राहते?

जवाब दे.

बेबी

राजापेठ
शुक्रवार, २६ सप्टेंबर

नितेश आला होता, मंगळवारी. गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवली, मेसच्या आत पाय टाकला नाही. तीन वर्षांनी आत्याच्या दारात आला तं हातात साडी. तू धाडली म्हणे. मी म्हटलं कायची? घटस्थापनेची का तोंड बंद करण्याची? त्याले हसू आलं, मंग त्यानं ते आवरलं. पोट्टा वाईट नाही तुहा. भेकड हाय.

साडी मी कणकेच्या डब्यावर झाकून ठेवली हाय. माशा बसत नाहीत.

तो काय बोलला ते तुले माहीत पायजे, का तूच बोलवून धाडलं? "आत्या, दामिनीले सातवा महिना हाय. पहिलं लेकरू गेलं आमचं. यावेळी घरात काही राहू द्याचं नाही." काही म्हणजे काय रे, मी म्हटलं, झुरळं? तं म्हणे, "तुमाले समजून राहिलं मी काय म्हणतो ते." मंग चपलीकडं पाहत म्हणे, ज्या बाईचं जिवंतपणी सारं करून टाकलं, त्याच्यानंतर तिले झालेली पोर हिशोबात नसते. ना जित्यात, ना मेल्यात. तिची सावली गर्भावर पडू नये. मी म्हटलं बारावी सायन्सले तुले हेच शिकवलं काय?

पहिलं लेकरू गेलं तवा दामिनी गाडीवरून पडली होती. साऱ्या डाबकी रोडनं पाहिलं. तरी नाव रागिणीचं झालं.

आता माही गोष्ट. मागच्या शनिवारी मी कहकशाँले कागद देल्ला आन वरून सांगितलं, रागिणीनं दार उघडलं तं तिले गाणं ऐकव. नवं नको, नाचाचं नको, जुन्या तबकडीवरचं आईचं. मीच सांगितलं, पोट्टीचा दोष नाही.

तिनं मोबाईल काढला. रागिणीच्या हातात फडकं होतं. किशोर गेला हाटाले म्हटलं आन रागिणी फरशीवरच बसली. बेबीचे केस म्हटलं तवा तिचे ओठ हलाले लागले. तिसऱ्या ओळीच्या आधी कहकशाँच्या हातून मोबाईल बंद पडला, आन रागिणीनं पुढचं म्हटलं. रागिणी निजली पायन्यात. आवाज आईचाच, कहकशाँ म्हणे, मावशी, मले वाटलं मोबाईल बंद झालाच नाही. ते पाच-सहा वर्षांची होती आई गेली तवा. तिले कोणी ऐकवलं असन नंतर? तू? का इतके वर्षं बाहेरून कडी लावलेल्या स्वयंपाकघरात ते मनातल्या मनात घोकत होती?

मंग तिनं कहकशाँले एकच इचारलं. "बेबी कोन होय?"

तुह्या घरी मी किती दिवाळ्या आली. आत्याबाई म्हणे ते मले, बाकीच्याइचं ऐकून. माहं नावही तिले कोणी सांगितलं नाही.

तवाच वर खिडकीत तू होता. कहकशाँनं पाहिलं तुले. तू ओरडला नाही, खाली आला नाही. नुसता पाहत राहिला आन पडदा सारला. तुहं ओरडणं मले समजते, भाऊ. तुहं गप राहणं मले लहानपणापासून समजत नाही. बाबा ओरडत आन तू गप राहे, आन मंग काहीतरी झालेलं राहे.

म्हणून जास्त लिहीत नाही. रागिणीले माह्याकडं पाठव. उपकार करून नाही राहिली मी, मेसमध्ये हात कमी पडते, पंचवीस पोट्टे जेवते, मले पोळ्याले बाई पायजे. दामिनीच्या गर्भाचीही चिंता मिटली, तुह्या घराचीही. माह्या घरात मराले मी एकटीच हाओ, मले चालते. नितेशले सांग गाडीवर बसवून आणून सोडाले. उंबऱ्याच्या आत नको येऊ म्हणा, मी बाहेरूनच घेऊन घेईन.

दोन नवे गाणे सापडले कहकशाँले. एक तिकडचा म्हातारा हाय, नव्वदीचा, परत गाऊन राहिला. तिनं लावलं, मी म्हटलं बंद कर. माह्या घरात आता ते गाणे लागत नाहीत. पोट्टे मात्र अजून मेलेली हाओवर नाचते. त्याइले काय सांगू.

बेबी

राजापेठ
गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

हा कागद कहकशाँ नाही आणणार. बद्रुद्दीन नाना सोता आणून तुह्या हातात देईन. म्हाताऱ्या माणसाले दारातून हाकलजो नको, त्यानं तुले आईच्या डब्यातलं खाताना पाहिलं हाय.

शनिवारी कहकशाँ तुह्या दारी आली तवा दार वहिनीनं उघडलं. कहकशाँनं इचारलं रागिणीताई कुठी हाय. वहिनी म्हणे, "कोण रागिणी?"

मी नितेशले फोन लावला. तो म्हणे शेंदूरजनाघाटले हाय, दामिनीच्या माहेरी, संत्र्याच्या बागेत कामाले पाठवली. दोन तासांनी वहिनीचा फोन आला, कोणाच्या तरी मोबाईलवरून. म्हणे दवाखान्यात नेलं होतं, तिथून निघून गेली, डोकं फिरलं होतं तिचं. एका घरातून एका बाईचे दोन पत्ते. आन तिसरा जवाब, कोण रागिणी.

चौकीतही जाऊन आली मी. हवालदार म्हणे आडनाव काय, आधार हाय काय, शाळेचा दाखला हाय काय, फोटो तरी. भाऊ, त्या पोरीचा एकही कागद नाही. कुठून राहीन? मेलेल्या बाईले झालेली पोर कोण्या दफ्तरात लिहिते? जे नाहीच, ते हरवली कशी म्हणाची. तू पक्कं काम केलं. का बाबानं शिकवलं होतं?

मंग मी मेस बंद ठेवली आन सोमवारी शेंदूरजनाघाटले गेली. दामिनीची आई सुंदराबाई ओट्यावर संत्र्याचे रोपं निवडून राहिली होती. चहा देल्ला. मी नाव काढलं तं बाई घाबरली नाही, लाजली नाही. ते म्हणे, "आमी कायले घरात घेऊ तिले? माही पोरगी पोटुशी हाय. तुमाले तं माहीत असन, तुमी बहीण." म्हणजे साऱ्याइले माहीत होतं. वहिनीले, नितेशले, पार शेंदूरजनाघाटच्या विहिणीले. एकट्या बेबीले नव्हतं.

निघताना तिनं मले फाटकापर्यंत सोडलं आन समजूत काढल्यासारखं बोलली, ते शब्द मी जसेच्या तसे लिहिते. "चिंता नका करू बाई. किशोरभाऊ म्हणे, पुनवेच्या आत तिचंही पानं लावून मोकळं होतो. वलगावले भटजी बोलला हाय."

मी एष्टीत बसली तवाही माह्या कानात तेच. पानं लावून मोकळं होतो.

आज दसरा. सकाळपासून लोकं आपट्याचे पानं हातात देऊन राहिले, सोनं घ्या, सोनं घ्या. मले त्या पानाइकडं पाहवत नाही. पोट्ट्याइनं टेबलावर ढीग केला होता, मी झाडून बाहेर टाकला. आत पळसाच्या पानाइचा आवाज येते मले, लुगड्यातला.

आता नीट ऐक, किशोर. भाऊ म्हणून खूप लिहिलं.

आईचा पुतळा जाळला तवा आई जिवंत होती आन तिच्या पायात जीव होता, ते पळून गेली होती. आधी ते गेली, मंग पानं जळाले. रागिणीचं उलटं हाय. ते उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकत नाही. तिले रस्ता माहीत नाही, एष्टी माहीत नाही, माहं नाव तिले मागच्या पंधरवड्यात माहीत झालं. तू तिचे पानं लावले, तं मंग पानाइच्या बाहेर जे बाई उरते तिचं काय करतो तू? हे मी तुले इचारून राहिली. तुह्या घरात याचं उत्तर कोणाले तरी माहीत असन. मले रात्रंदिवस तेच इचारते मन, आन जे उत्तर येते ते लिहाचा माहा हात होत नाही.

असं म्हणू नको की ते निघून गेली. असं म्हणू नको की नदीनं नेली. पेढीले यंदा गुडघाभर पाणी हाय, मी मंगळवारी वलगावले जाऊन पाहून आली. मेली म्हणशीन तं मले अंग दाखव. हाडामासाचं, वजनाचं. मी सहा वर्षांची नाही आता. हात लावून पाहीन, आन आत पानं वाजले तं तिथंच उकलीन, भटजीसमोर, साऱ्या गावासमोर.

सोमवारी कोजागिरी. भुलाबाईचा शेवटचा दिवस. नानाचे दोन भोंगे अजून चालू हाय, त्याइनं पुसून ठेवले, ऑटोही सांगून ठेवला. मी, कहकशाँ आन नाना डाबकी रोडले तुह्या फाटकासमोर उभं राहू आन आईचं गाणं लावू. पहिले नाचाचं. तुही गल्ली गोळा होईन, पोट्टे नाचतीन, त्याइले ते गाणं पाठ हाय. मंग मी जुनं लावीन. मंग कोणी तरी इचारीनच, हे बाई कोण होय, बेबी कोण, रागिणी कोण. मी सांगीन. भोंग्यातून सांगीन. तुह्या घरात मरण येऊ नये म्हणून आई चाळीस वर्षं बाहेर उभी हाय, त्या दिवशी तिले मी उंबऱ्याच्या आत घेऊन येईन.

ते करायचं नसन तं साधं काम सांगते. पत्र नको, साडी नको, नितेश नको. गाण्यात तिघाइचे नाव हाय. दोघाइचा आवाज मले माहीत हाय, तुहा आन माहा. तिसरा पायजे. रविवारी, पाच तारखेले, दिवस मावळायच्या आत रागिणीनं मले बेबी म्हणून हाक मारली पायजे, फोनवर चालन, दारात आणली तं बरं. मी फोन उशाशी घेऊन बसली हाओ. रविवारी दिवस मावळेपर्यंत.

बेबी